मुलींचा व्यायाम आणि महिन्याची वेदना

इ. स. १९३२ सालीं नागपुरांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र महाविद्यालय निघालें. पुढें लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय या नांवानें तें प्रसिद्धीस आलें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १ एप्रिल १९३० पासून, शारदा कायदा अंमलांत येऊन मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ वर्षें ठरलें होतें. या दोन घटना वरवर पाहतां निरनिराळ्या. परंतु मध्यमवर्गीय घरांत त्यांचा परिणाम एकाच दिशेनें झाला. न्हाण आलेली मुलगी सासरच्या माजघरांत असण्याऐवजीं माहेरींच राहून, पुस्तकें घेऊन, रोज ठराविक वेळीं शाळा-कॉलेजांत जाऊं लागली.

तोंपर्यंत महिन्याचे ते तीन-चार दिवस घराच्या व्यवस्थेंत बसलेले होते. ‘कावळा शिवला’ एवढें म्हटलें कीं पुढचें कांहीं सांगावें लागत नसे. वेगळी चटई, वेगळा तांब्या, वेगळें ताट; आणि चौथ्या दिवशीं न्हाऊन मुलगी पुन्हां घरांत येई. शाळेच्या घंटेला मात्र हे दिवस ठाऊक नव्हते. वर्गांत बसण्याचा प्रश्न कसाबसा सुटला. पण कवाईत, लेझीम, धांवणें, उड्या मारणें यांचा प्रश्न उरलाच. ‘पोटांत दुखतें’ म्हणून एखादी मुलगी मैदानाच्या कडेला बसली, तर तिला बसूं द्यावें कीं नाहीं? त्या दिवसांत व्यायाम केल्यानें तिचें पुढें कांहीं नुकसान होईल काय? आणि ज्या शरीरास दरमहा अशी वेदना सोसावी लागते, तें शरीर मुळांतच व्यायामास कमी लायक समजावें काय? या तीन प्रश्नांना निरनिराळ्या काळीं जीं उत्तरें मिळालीं, त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण उत्तर देणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं तें मुलींना विचारून दिलें.

ही वेदना आपल्याकडील प्राचीन वैद्यांस अपरिचित नव्हती. चरकसंहितेंत ‘उदावर्तिनी’ नांवाची एक व्याधि सांगितली आहे. तींत रज कष्टानें बाहेर पडतें आणि तें मोकळें झालें कीं स्त्रीला तत्काळ सुख वाटतें, असें तिचें लक्षण दिलें आहे. ‘कष्टार्तव’ हा शब्द मराठींत पुढें रूढ झाला. रजस्वलेनें तीन दिवस कसें राहावें याचेहि नियम आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत. श्रम टाळावे, साधें अन्न घ्यावें, असा त्यांचा एक भाग आहे. या नियमांत विसाव्याचा अंश होता हें नाकारतां येत नाहीं. परंतु त्यांना विटाळाच्या कल्पनेची जोड मिळाली, आणि विसाव्यापेक्षां अस्पर्शतेलाच अधिक महत्त्व आलें. वेदना किती आहे हें कोणी विचारीत नसे. शिवाशीव झाली कीं काय, एवढेंच पाहिलें जाई.

शिवाय हा विसावा सर्वांच्या वाट्याला नव्हता. वऱ्हाड-नागपुराकडील शेतांत कापूस वेंचणाऱ्या बायका, किंवा १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें पुढें रोजावर राबणाऱ्या बायका, त्या दिवशीं घरीं बसल्या तर मजुरी बुडे. त्यांचें शरीर श्रमास लायक नाहीं असें कोणी म्हटलें नाहीं. म्हणजे शरीर एकाच जातीचें, वेदनाहि तीच. पण सुखवस्तु घरांत ती दुर्बलतेची खूण ठरली आणि मजुराच्या घरांत तिची दखलच घेतली गेली नाहीं. हे दोन्ही निवाडे शरीराची परीक्षा करून दिलेले नव्हते; ते घराच्या परिस्थितीवरून दिलेले होते.

हा गोंधळ केवळ हिंदुस्थानापुरता होता असेंहि नव्हे. अमेरिकेंत बोस्टन येथील डॉ. एडवर्ड क्लार्क यांनीं १८७३ सालीं मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलें. शरीराची शक्ति मर्यादित असते. वाढत्या वयांतील मुलीनें ऋतुकालांत अभ्यास किंवा श्रम केले, तर ती शक्ति मेंदूकडे व स्नायूंकडे वळते आणि प्रजननेंद्रियांची वाढ खुंटते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याला आधार काय, तर त्यांच्याकडे उपचारासाठीं आलेल्या मूठभर रोगी मुली! निरोगी मुलींची त्यांनीं पाहणी केलीच नव्हती. तरीहि पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि मुलींना उच्च शिक्षण देऊं नये असें म्हणणाऱ्यांच्या हातीं एक शास्त्रीय दिसणारें शस्त्र आलें.

त्याला उत्तर दिलें तें न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पुटनम जेकोबी यांनीं. ऋतुकालांत स्त्रियांना मानसिक व शारीरिक विश्रांतीची गरज असते काय, आणि असल्यास किती, हा विषय हार्वर्ड विद्यापीठानें बॉइलस्टन पारितोषिकासाठीं लावला होता. जेकोबीबाईंनीं तर्कावर न विसंबतां प्रश्नपत्रिका काढल्या आणि २६८ स्त्रियांचीं उत्तरें मिळवलीं. कांहीं स्त्रियांची नाडी, शरीराची उष्णता आणि स्नायूंचें बळ हीं महिन्याच्या निरनिराळ्या दिवशीं त्यांनीं मोजून पाहिलीं. ज्या स्त्रीचें पोषण चांगलें आहे, तिला पाळीच्या दिवसांत काम सोडून पडून राहण्याची आवश्यकता नाहीं, असा निष्कर्ष निघाला. वेदना होणाऱ्या स्त्रियाहि त्यांना पुष्कळ आढळल्या. परंतु वेदनेचा संबंध अभ्यासाशीं नसून एकंदर प्रकृतीशीं व व्यायामाच्या अभावाशीं अधिक दिसला. निबंध लेखकाचें नांव झांकून तपासला जात असल्यामुळें तो स्त्रीनें लिहिला आहे हें परीक्षकांस आधीं कळलें नाहीं. १८७६ चें पारितोषिक त्यालाच मिळालें.

मराठी वाचकांच्या दृष्टीनें या हकीकतींत एक जवळचा धागा आहे. मेरी पुटनम यांनीं १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून पदवी घेतली, त्याच विद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई जोशी एम्. डी. झाल्या. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. स्त्रीच्या शरीराविषयीं स्त्री-डॉक्टरनेंच विचारावें आणि स्त्रीनेंच सांगावें, ही जी वाट तिकडे उघडली होती, ती महाराष्ट्रांत रुजण्यास त्यामुळें आणखी वेळ लागला. १८८५ सालीं स्थापन झालेल्या डफरिन फंडांतून गांवोगांव स्त्रियांचीं रुग्णालयें निघालीं. नागपूरचें डफरिन रुग्णालय पुढें डागा रुग्णालय म्हणून ओळखलें जाऊं लागलें. परंतु अशा रुग्णालयांचें मुख्य काम बाळंतपणाचें. अविवाहित मुलीला पोटदुखीसाठीं तेथें घेऊन जाणें घरच्यांना प्रशस्त वाटत नसे. तिनें तें दुखणें अंगावर काढावें हीच रीत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रयोगांची संख्या वाढली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत डॉ. क्लेलिया मोशर यांनीं सुमारें दोन हजार स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. घट्ट कपडे, हालचालीचा अभाव आणि ‘आतां दुखणार’ ही आधींपासूनच मनांत भरवलेली धास्ती यांनीं वेदना वाढते असें त्यांचें मत झालें. उताणें निजून, गुडघे वांकवून, पोटानें दीर्घ श्वसन करण्याचा एक सोपा व्यायामहि त्या मुलींना शिकवीत. १९१४ सालीं न्यूयॉर्कमध्यें लेटा हॉलिंगवर्थ यांनीं कांहीं स्त्रियांच्या हाताची स्थिरता, बोटांची चपळाई व बुद्धीची तत्परता महिनोन् महिने तपासली. पाळीच्या दिवसांत त्यांत घट झाल्याचें त्यांना आढळलें नाहीं.

परंतु शास्त्राचें पाऊल नेहमीं पुढेंच पडतें असें नाहीं. घटसर्पाच्या चाचणीमुळें नांवाजलेले व्हिएन्नाचे डॉ. बेला शिक यांनीं १९२० सालीं असें प्रतिपादिलें कीं, रजस्वलेच्या अंगांतून एक प्रकारचें विष बाहेर पडतें आणि तिच्या हातांतील फुलें लवकर कोमेजतात. ‘तिचा हात लागला तर लोणचें नासेल’ असें म्हणणाऱ्या आपल्याकडील आजीबाईंची आणि या युरोपीय पंडितांची गांठ पडली असती, तर दोघांचें चांगलें जमलें असतें! तें विष पुढें कधींच सिद्ध झालें नाहीं.

क्रीडांगणावरहि असाच प्रकार घडला. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. शर्यतीनंतर कांहीं धांवपटू दमून मैदानावर बसल्या. वर्तमानपत्रांनीं त्याचा एवढा गवगवा केला कीं स्त्रियांसाठीं ती शर्यतच बंद झाली. ती पुन्हां सुरू झाली १९६० सालीं, रोमला. पुरुष धांवपटूहि शर्यतीनंतर जमिनीवर अंग टाकतात. पण त्यावरून पुरुषांचें शरीर धांवण्यास नालायक आहे असें कोणी ठरवीत नाहीं.

याच सुमारास विदर्भांत आणि महाराष्ट्रांत शरीरसंवर्धनाची चळवळ जोरांत होती. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करीत होतें. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढून आसनांचा प्रयोगशाळेंत अभ्यास सुरू केला. बडोद्याहून १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड निघूं लागले. त्याच वर्षीं विजयादशमीस लक्ष्मीबाई केळकर यांनीं वर्ध्यास राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि तेथें मुली कवाईत, लाठी व आसनें शिकूं लागल्या. नागपुरांतच २० जुलै १९४२ रोजीं भरलेल्या दलित स्त्रियांच्या परिषदेंत डॉ. आंबेडकर यांनीं मुलींच्या लग्नाची घाई करूं नका, मुलांमुलींना शिकवा, असें हजारों स्त्रियांना सांगितलें. जो प्रश्न प्रथम मध्यमवर्गीय घरांत उभा राहिला, तो अशा रीतीनें सर्व थरांतील मुलींचा होऊं लागला. मुली मैदानावर आल्या. परंतु पाळीविषयीं मोकळें बोलणें मात्र आलें नाहीं. १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून र. धों. कर्वे यांनीं शरीराविषयीं स्पष्ट लिहिण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. ज्या विषयाचा उच्चार करणेंच लाजिरवाणें, त्याविषयीं व्यायामशिक्षकाला मुलीनें काय सांगावें?

येथें या इतिहासांतील दुसरी चूक लक्षांत घेतली पाहिजे. ‘वेदना होते म्हणून स्त्री दुर्बल’ ही पहिली चूक. तिच्याशीं झगडतांना उलट टोंक गांठलें गेलें: ‘स्त्री दुर्बल नाहीं, म्हणून वेदनाहि खरी नाहीं.’ विसाव्या शतकाच्या मध्याला कित्येक डॉक्टर असें सांगत कीं, हें दुखणें मनाचें आहे. ज्या मुलीला आपलें स्त्रीत्व मान्य नसतें तिचेंच पोट दुखतें. मुलीच्या दृष्टीनें दोन्ही मतांचें फळ एकच होतें. पहिल्या मतानें तिला मैदानाबाहेर बसवलें, दुसऱ्यानें तिला खोटी ठरवलें. तिच्या दुखण्यावर उपाय कोणीच केला नाहीं.

उपायाची वाट उघडली ती रसायनशास्त्रानें. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनीं १९३५ सालीं एका शरीरद्रव्याला ‘प्रोस्टाग्लँडिन’ असें नांव दिलें. १९५७ सालीं पिकल्स या इंग्रज शास्त्रज्ञास ऋतुस्रावांत स्नायूंना आकुंचन पावावयास लावणारें द्रव्य आढळलें, आणि पुढील कांहीं वर्षांत तें प्रोस्टाग्लँडिनच्याच वर्गांतलें आहे हें स्पष्ट झालें. पाळीच्या वेळीं गर्भाशयाचें अस्तर सुटूं लागलें कीं हें द्रव्य मोकळें होतें. त्यामुळें गर्भाशयाचा स्नायु जोरानें आवळतो, त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडतो आणि कळा येतात. कांहीं मुलींना त्याच कारणानें मळमळ व जुलाबहि होतात. पहिले एक-दोन दिवस त्रास अधिक आणि पुढें कमी कां, याचाहि उलगडा यांतून होतो. ॲस्पिरिनसारखीं औषधें शरीरांत या द्रव्याची उत्पत्ति थांबवतात, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखवलें. १९८२ सालीं त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. अशा रीतीनें जी वेदना कांहींजण मनाची समजत होते, तिचें नांव, कारण व औषध हीं तिन्ही सांपडलीं.

मग या वेदनेचा तरुण मुलींच्या शारीरिक क्षमतेवर परिणाम होतो कीं नाहीं? २०२० सालीं ७८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यांत आला. पाळीच्या पहिल्या दिवसांत कसरतीच्या कामगिरींत सरासरीनें किंचित् घट दिसते. परंतु ती इतकी अल्प आहे कीं तिच्यावरून सर्व मुलींसाठीं एकच नियम घालतां येणार नाहीं, असें त्यांत आढळलें. ही सरासरीची गोष्ट झाली. जिला तीव्र कळा येतात, तिची झोंप मोडते, लक्ष विचलित होतें, सराव चुकतो. तिचा त्या दिवसांतील तोटा खराच असतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिनें सांघिक शर्यतीनंतर, आदल्या दिवशींच आपली पाळी आली असून थकवा जाणवत आहे, असें सर्वांसमक्ष सांगितलें. जगांतील अव्वल खेळाडूंपैकीं एक असूनहि तिला हें सांगण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट अनेक मुलींना धीर देणारी ठरली.

उलट बाजूचा पुरावाहि महत्त्वाचा आहे. कष्टार्तवावर व्यायामाचा काय उपयोग होतो, याविषयींच्या १२ प्रयोगांचा आढावा २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. आठवड्यांतून तीन वेळां, ४५ ते ६० मिनिटें, मग ती आसनें असोत, ताणाचे व्यायाम असोत वा वेगानें घाम काढणारे व्यायाम असोत, नियमानें केल्यास वेदना १०० अंकांच्या मोजपट्टीवर सुमारें २५ अंकांनीं उतरूं शकते असें त्यांत दिसलें. या प्रयोगांचा दर्जा सर्वत्र उत्तम नाहीं, हें आढावा घेणाऱ्यांनींच नमूद केलें आहे. तरीहि दिशा स्पष्ट आहे. साधा हिशेब केला तरी हेंच दिसतें: दरमहा दोन दिवस विसावा घेतला तर वर्षाचे चोवीस दिवस जातात, पण लाजेनें किंवा भीतीनें मुलीनें खेळणेंच सोडलें, तर सबंध वर्ष जातें, आणि वेदना कमी करणारा एक उपायहि हातचा जातो.

शेवटीं, ‘मुलींना विचारा’ हा जेकोबीबाईंचा मार्ग विदर्भांत पुन्हां चोखाळला गेला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. नागपूर विद्यापीठांतून वैद्यकीय पदव्या घेतलेले डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत ६५० स्त्रियांची पाहणी व तपासणी केली. १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत तिचा निष्कर्ष आला: शंभरांतील ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधींहि अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. ज्या जिल्ह्यांत माडिया स्त्रिया पाळीच्या दिवसांत गांवाबाहेरच्या कुर्माघरांत राहत आल्या, तेथें या स्त्रियांनीं विचारल्याबरोबर सांगितलें. त्यांनीं आधीं सांगितलें नव्हतें, कारण कोणी विचारलेंच नव्हतें.

आणखी एक शत्रु या वेदनेच्या आड लपून बसतो. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, असल्याचें आढळलें. जिन्याच्या चार पायऱ्या चढून जिला धाप लागते, तिचा दोष पोटदुखीचा नसून पुष्कळदां रक्तांतील लोहाच्या उणिवेचा असतो. आणि ज्यांना स्राव जास्त होतो त्यांना ही उणीव अधिक जाणवते. पालेभाजी, तीळ, अळीव व कडधान्यें यांतील लोह अंगीं लागण्यास आंबट फळांतील ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणाबरोबर संत्रें खाणें नागपूरकरांस अवघड नाहीं. जेवणावर लगेच चहा घेणें मात्र या कामीं बाधक आहे.

या सर्वांवरून सुशिक्षित घरांनीं आणि शाळांनीं काय घ्यावें? ज्या मुलीला त्या दिवसांत बरें वाटतें, तिला खेळूं द्यावें. त्यानें कसलेंहि नुकसान होत नाहीं. जिला वेदना होते, तिला त्या दिवशीं सवलत द्यावी, पोट शेकण्यास गरम पाण्याची पिशवी द्यावी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध देण्यांत संकोच करूं नये. मात्र कळा थांबतांच तिला पुन्हां मैदानावर पाठवावें. वेदना वर्षानुवर्षें वाढत असेल, औषधानें शमत नसेल, पाळीखेरीज इतर दिवशींहि होत असेल, किंवा स्राव सात दिवसांहून अधिक टिकत असेल, तर तिला डॉक्टरकडे नेणें हें आईवडिलांचें कर्तव्य आहे. अशा वेदनेमागें अनेकदां दुसरा रोग असतो. आणि व्यायामशिक्षकांनीं एवढें करावें कीं, कारण न विचारतां बसण्याची मोकळीक द्यावी व टोमणा न मारतां परत बोलवावें. मुलगी जें सांगते तें खरें मानून वागलें, तर तिचें दुखणेंहि आटोक्यांत येतें आणि तिचें बळहि वाढतें. दोहोंपैकीं एकाचीच निवड करण्याचें कांहीं कारण उरत नाहीं.